जुनी तबकडी परत मागा

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मुदतठेव कुठे ठेवू, हा पहिला. दुसरा गेल्या सात-आठ वर्षांतला, 'संगणकात एसएसडी टाकून घेऊ का?' पहिल्याचे उत्तर मला येत असेल असे समजण्याला थोडाफार आधार आहे. दुसऱ्याचे का यावे, हे मलाही कोडे आहे. 'बँकेत संगणक आले तेव्हा हे तिथे होते' एवढ्याच भांडवलावर माझी ही पत उभी असावी. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो आणि त्या गेली पंचवीस वर्षे संगणकावर लिहितो, ही बातमी डोंबिवलीसारख्या गावात लपून राहत नाही.

डोंबिवलीत स्टेशनाभोवती, कल्याणला पश्चिमेला किंवा ठाण्यात नौपाड्यात, कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन 'संगणक फार हळू चालतो हो' एवढे म्हणून पाहा. काउंटरमागचा मुलगा मान वर न करता सांगेल, "काका, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू या. विमानासारखा पळेल." मुलगा खोटे बोलत नसतो. संगणक खरोखरच पळतो. पण तो अर्धेच सांगत असतो, आणि उरलेले अर्धे त्याच्या धंद्याशी नव्हे, तुमच्या घराशी निगडित असते. ते त्याने का सांगावे?

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रविवारी सकाळी इतर कामे आहेत त्यांची सुटका होईल. काम करायला एसएसडी घ्यावी. जपून ठेवायला हार्ड डिस्क ठेवावी. आणि दोघींपैकी एकीच्याच भरवशावर घरातली कोणतीही गोष्ट सोडू नये. आता कारणे.

आमच्या काळी बँकेच्या शाखेत 'दप्तरी' नावाचे एक पद असे. जुनी लेजरे, व्हाउचरांचे गठ्ठे, बांधलेली डे-बुके हा सगळा संसार त्याच्या ताब्यात. एखादा खातेदार सात वर्षांपूर्वीची नोंद मागायला आला की दप्तरी रेकॉर्ड रूमकडे निघे. जिना चढायचा, कुलूप काढायचे, योग्य रॅक शोधायचे, वरच्या तीन गठ्ठ्यांखालचा चौथा ओढायचा, धूळ झटकायची आणि खाली यायचे. यात वीस मिनिटे जात. नोंद वाचायला लागे अर्धा मिनिट. दप्तरी आळशी नव्हता. वेळ जाई तो चालण्यात, वाचण्यात नव्हे.

हार्ड डिस्क म्हणजे हुबेहूब हा दप्तरी. डबीच्या आत ॲल्युमिनियमची किंवा काचेची तबकडी असते, तिच्यावर चुंबकीय लेप असतो, आणि ग्रामोफोनच्या काट्यासारखा एक हात तिच्यावर सरकत असतो. फरक एवढाच की ग्रामोफोनचा काटा तबकडीला टेकतो, हा टेकत नाही, तरंगतो. किती उंचीवर? अवघ्या काही नॅनोमीटरांवर. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असते, यावरून कल्पना करावी. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० फेऱ्यांची असली तरी एक फेरा पुरा व्हायला सेकंदाचा एकशेविसावा भाग लागतोच, आणि हवी ती नोंद काट्याखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. त्याआधी काट्याला योग्य त्या वर्तुळावर सरकावे लागते, तो वेळ वेगळा. सगळा हिशेब केला तर हा दप्तरी सेकंदाला साठ-सत्तर, फार तर शंभर खेपा करतो. माणसाच्या मानाने हा पराक्रमच म्हणायचा. पण संगणक सुरू होताना त्याला हजारो बारीकसारीक फायली हव्या असतात, त्या तबकडीभर विखुरलेल्या असतात, आणि बिचारा दप्तरी जिने चढून-उतरून अर्धमेला होतो. त्या वेळी आपण पडद्यावरचे गोल फिरणारे चिन्ह पाहत चहा पीत असतो.

एसएसडीत तबकडी नाही, काटा नाही, फिरणारे काहीच नाही. खातेदाराने नोंद मागितली की ज्या खणात ती आहे तो खण जागच्या जागी उघडतो, आणि एकाच वेळी अनेक खण उघडू शकतात. एक नोंद मिळायला सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे लहान लहान खेपांच्या बाबतीत फरक शंभर पटींचा किंवा त्याहूनही जास्त. एखादा मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर मात्र साधी एसएसडी हार्ड डिस्कच्या तीन ते पाच पटच वेगवान ठरते, कारण तिथे दप्तरी एकदाच जिना चढतो आणि मग सलग वाचत बसतो. नव्या लॅपटॉपमध्ये थेट पाटावर बसवलेल्या एनव्हीएमई नावाच्या पट्ट्या असतात, त्या याही बाबतीत कितीतरी पुढे आहेत. असो. दुकानातल्या मुलाचे विमान उडते ते मुख्यत्वे या जिन्याच्या हिशेबावर.

तबकडीचे घराणे जुने आहे. आयबीएमने १९५६ साली पहिले असे यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव रॅमॅक. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन सुमारे एक टन आणि आत मावणार पन्नास लाख अक्षरे. माझी जाडजूड कादंबरी चार लाख अक्षरांच्या आसपास जाते, म्हणजे एक टन लोखंडात माझ्या डझनभर कादंबऱ्या. काही समीक्षक तेवढे वजन त्यांना पुरेसे आहे असे म्हणतील. आपल्याकडे बँकांत हे यंत्र शिरले ते नव्वदच्या आगेमागे. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ सालचा. कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचे करार १९८३ आणि १९९३ साली झाले. मधल्या काळात 'संगणक नको' म्हणून काळ्या फिती लावणाऱ्यांत मीही होतो आणि नंतर संगणक शिकवणाऱ्यांतही होतो. आमच्या शाखेत सर्व्हर आला तेव्हा त्याला वातानुकूलित काचेची खोली दिली होती. तिच्याबाहेर पायातले काढावे लागे. मॅनेजरांच्या खोलीत चपला चालत, सर्व्हरच्या नाही. एक ज्येष्ठ हेडकॅशियर आत जाताना खिडकीतून हात जोडत, ते चेष्टेने की श्रद्धेने हे कधी कळले नाही.

दुसऱ्या घराण्याचे मूळपुरुष जपानी. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही नवी स्मृती जगापुढे मांडली आणि आज सगळीकडे वापरला जाणारा 'नॅन्ड' हा प्रकार १९८७ साली. ती एका झटक्यात पुसली जाते, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव रूढ झाले. तुमच्या मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि एसएसडीत हीच फ्लॅश स्मृती असते. तिचे काम असे: अतिसूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युतकण कोंडून ठेवायचे आणि कप्पा किती भरला आहे त्यावरून नोंद वाचायची. पूर्वी एका कप्प्यात एकच नोंद ठेवत, भरलेला की रिकामा. आता स्वस्ताईसाठी एकाच कप्प्यात तीन किंवा चार नोंदी बसवतात, म्हणजे पातळीच्या आठ किंवा सोळा खुणा ओळखाव्या लागतात. दुधाच्या मापात चार खुणा ओळखणे सोपे, सोळा ओळखणे अवघड. हे माप पुढे आपल्याला लागणार आहे, तेवढे लक्षात असू द्यावे.

काम करण्याच्या संगणकाबाबत माझ्या मनात काडीची शंका नाही. विशेषतः आपल्या भागात. सकाळची डोंबिवलीहून सुटणारी जलद गाडी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरायची, पाठीमागून तीन माणसांचा भार घ्यायचा आणि ठाण्याला दार उघडताच समोरून येणारा लोंढा छातीवर झेलायचा. लॅपटॉप पुरता बंद असेल तर हार्ड डिस्कचा काटा बाजूला लावलेला असतो आणि ती बराच मार सोसते. पण घाईत नुसते झाकण मिटून निघालेल्या मुलांच्या पिशवीत तबकडी कधी कधी फिरतच असते. काही नॅनोमीटरांवर तरंगणारा काटा आणि डोंबिवलीची गर्दी! एसएसडी जणू लोकलच्या प्रवाशासाठीच शोधून काढली असावी. फिरायचेच काही नाही, तर आपटणार काय?

घरात मुलांनी टाकून दिलेला दहा वर्षांचा लॅपटॉप असेल तर नव्या यंत्रावर चाळीस-पन्नास हजार घालण्याआधी त्यात एक छोटी एसएसडी बसवून पाहावी. पेन्शनीतून घरखर्च भागवणाऱ्या माणसाला याहून किफायतशीर दुरुस्ती मला माहीत नाही. मात्र एक पाहून घ्यावे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि फार जुने यंत्र विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. पत्रे लिहायला, भजने ऐकायला, नातवाशी बुद्धिबळ खेळायला ते उत्तम.

लोक मला उलटीही भीती सांगतात, 'एसएसडी म्हणे लिहून लिहून झिजते.' झिजते हे खरे. प्रत्येक कप्पा काही हजार वेळाच पुसून लिहिता येतो. पण हिशेब करून पाहा. एक टेराबाइटच्या चांगल्या एसएसडीवर सहाशे टेराबाइट लिहिता येईल अशी हमी कंपन्या देतात. आपल्यासारखा घरगुती माणूस दिवसाला वीस गिगाबाइट लिहितो असे धरले, तरी ती हमी संपायला तीस हजार दिवस लागतील. म्हणजे ब्याऐंशी वर्षे. झिजण्याची काळजी आपल्या पणतवंडांवर सोपवावी.

खरी काळजी निराळी आहे. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका डोंबिवली पूर्वेला राहतात. त्यांच्या यजमानांना छायाचित्रांचा नाद. फडके रोडवरची दिवाळीची पहाट, गणपती, नातेवाइकांची लग्ने, १९९९ साली डोंबिवलीत निघालेली गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा, सगळे त्यांच्या कॅमेऱ्यात होते. पुढे ते डिजिटल कॅमेऱ्याकडे वळले आणि सगळे संगणकात जाऊ लागले. शेवटच्या आजारपणात त्यांनी नातीसाठी लहानपणीच्या गोष्टी स्वतःच्या आवाजात मुद्रित करून ठेवल्या होत्या. ते गेल्यावर वर्षभराने बाईंनी संगणक दुरुस्तीला दिला. दुकानदाराने एसएसडी बसवली, सगळे सामान इमानदारीने नव्या जागी हलवले आणि जुनी डिस्क ठेवून घेतली. संगणक पळू लागला. दोन वर्षे पळाला. मग एका सकाळी पडद्यावर ओळ आली की डिस्क सापडत नाही.

आवाज नाही, कुरकुर नाही, पूर्वसूचना नाही. आदल्या रात्री बाईंनी त्यावर सिनेमा पाहिला होता. तीन ठिकाणी दाखवून झाले. एसएसडीत कप्प्यांचा कारभार पाहणारी एक नियंत्रक चिप असते. कोणती नोंद कोणत्या कप्प्यात आहे याचा नकाशा फक्त तिलाच ठाऊक असतो, कारण झीज सारखी व्हावी म्हणून ती नोंदींच्या जागा सतत बदलत असते. ती चिप गेली की मुनीम वारला आणि खतावणी त्याच्या डोक्यातच राहिली, अशी अवस्था. कप्पे भरलेले आहेत, पण वाचायचे कुणी? हातात आली ती स्वागतयात्रेची निगेटिव्हे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. २००६ नंतरचे जवळजवळ काही नाही. आवाज तर नाहीच.

माझ्याकडची एक हार्ड डिस्क गेली ती वेगळ्या तऱ्हेने. आधी आठवडाभर ती टक्-टक् करत होती, मग एकेक फाइल उघडायला मिनिट-मिनिट घेऊ लागली. दोन रात्री बसून मी तिच्यातले सगळे काढून घेतले. तिसऱ्या दिवशी तिने मान टाकली. जुन्या घरातले म्हातारे माणूस खोकत, कण्हत जाते, मुलांना बोलावून घ्यायला वेळ देते, तशी.

यावरून हार्ड डिस्क अमर आणि एसएसडी दगाबाज असा निष्कर्ष कुणी काढील तर तो अन्याय होईल. हातातून पडलेली हार्ड डिस्कही क्षणात जाते, आणि एसएसडीही पुष्कळदा आपली प्रकृती आत नोंदवत असते, आपण विचारत नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन साठवण-कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कांचा जन्ममृत्यूचा तपशील नियमित जाहीर करते. २०२४ सालात तिच्या हार्ड डिस्कांपैकी वर्षाकाठी शंभरात दीडच्या आसपास गेल्या. तिने वापरलेल्या एसएसडीत हे प्रमाण शंभरात एकच्या जवळपास आढळले आहे. आयुर्मानात फार अंतर नाही. अंतर आहे ते जाण्याच्या पद्धतीत, आणि मागे काय उरते त्यात. तबकडीवरचे चुंबकीय ठसे यंत्र बिघडले तरी तबकडीवर असतात. धूळविरहित खोलीत डबी उघडून ते वाचणारे कारागीर आहेत. बिल तोंडचे पाणी पळवते, पण आशा राहते. एसएसडीतून काढणे अशक्य नसते, पण कितीतरी अवघड असते. चुकून पुसलेल्या फोटोचेही तेच. हार्ड डिस्कवर पुसले म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतले नाव खोडले जाते, मजकूर काही काळ तसाच असतो. एसएसडी मात्र नीटनेटक्या गृहिणीसारखी मागाहून ते कप्पे खरोखरच धुऊन टाकते.

आता त्या दुधाच्या मापाकडे वळू. कप्प्यांत कोंडलेले विद्युतकण कायमचे कोंडून राहत नाहीत, हळूहळू झिरपतात. रोज वापरात असलेल्या एसएसडीला वीज मिळत असते आणि नियंत्रक चिप देखभाल करू शकते. पण तीच एसएसडी 'जपून ठेवू' म्हणून लोखंडी कपाटात ठेवली, तर? जेडेक या उद्योगसंस्थेचा दंडक असा: लेखनाची हमी पुरती वापरून झालेली घरगुती एसएसडी विजेविना, ३० अंश सेल्सिअसला, एक वर्ष मजकूर राखू शकली पाहिजे. एक वर्ष! नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ अधिक टिकते, घाबरून जाऊ नये. पण त्याच दंडकाच्या कोष्टकात ठेवण्याच्या जागेचे तापमान पाच अंशांनी वाढले की मुदत साधारण निम्मी होत जाते. कल्याण-डोंबिवलीत मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात काय होत असेल ते गोदरेजचे दार उघडणाऱ्या हाताला कळते. तिथे चार खुणांऐवजी सोळा खुणांच्या मापातले दूध ठेवायचे आणि दहा वर्षांनी ते खुणेबरहुकूम मिळावे अशी अपेक्षा करायची, हे मला पटत नाही. चुंबकीय तबकडीला या झिरपण्याचे भय नाही. तिचे शत्रू दुसरे: पावसाळी दमट हवा, बुरशी, आणि वर्षानुवर्षे न फिरल्यामुळे आखडणारा सांधा.

टिकण्याचा विषय निघाला की मला ठाण्याचा ताम्रपट आठवतो. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणताना तो सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीचे दानपत्र, शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ चे. आज ज्या किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. पावणेआठशे वर्षांनी मातीतून निघालेला मजकूर पंडितांनी वाचला आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत त्याचे भाषांतर छापून आले. त्याला वीज लागली नाही, नियंत्रक चिप लागली नाही, लिपी जाणणारा माणूस तेवढा लागला. अर्थात तांब्यावर मावते किती? एक दान. आपल्या नातीच्या एका वाढदिवसाचे चारशे फोटो असतात. राजाला जे तांब्यावर कोरण्याच्या योग्यतेचे वाटले तेवढेच त्याने कोरले. ही निवड करणे आपण सोडून दिले, हे माझ्या मते एसएसडी की हार्ड डिस्क या वादापेक्षा मोठे प्रकरण आहे. पण तो लेखाचा वेगळा विषय.

कागदाचा भरवसा धरावा, तर २६ जुलै २००५ आठवते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे उल्हास आणि वालधुनीने काठ सोडले, आणि कल्याण, बदलापूरकडच्या तळमजल्यांतून पाणी फिरले. आमच्या कल्याणच्या नातलगांचे लग्नाचे अल्बम त्यात गेले. पाने एकमेकांना चिकटली, सोडवताना नवरा-नवरीचे चेहरे समोरच्या पानावर उमटले. संगणकाची डबीही चिखलात होती, हे सांगायला नको. पाणी तबकडीला ओळखत नाही आणि चिपलाही ओळखत नाही. गंमत अशी की पुढे २०११ साली थायलंडला महापूर आला, आयुथया भागातले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि आपल्याकडच्या दुकानांत काही महिने डिस्कचे भाव जवळजवळ दुपटीवर गेले. एका नदीच्या पुराने जगाच्या आठवणींचा भाव वाढला.

बँकेला हे फार आधी कळले होते. बँक पैसे सांभाळते हा लोकांचा समज. ती मुळात नोंद सांभाळते. तुमच्या पासबुकातल्या आकड्यापलीकडे तुमचे पैसे म्हणून बाजूला काढलेले बँकेत काहीच नसते. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी डे-एंड झाला की दिवसाचा सगळा व्यवहार फितीच्या कार्ट्रिजवर उतरवला जाई, आणि त्याची एक प्रत शाखेत कधीच राहत नसे. ती दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत जाई. कुणाला वाटे, चोर काय फिती चोरणार? चोर नव्हे, आग आणि पाणी. आणखी एक रिवाज होता, त्याचा फार कंटाळा येई: अधूनमधून जुनी कार्ट्रिज काढून ती खरोखर वाचता येते का ते पाहायचे. 'बॅकअप घेतला' असे रजिस्टरात लिहिलेले असणे आणि बॅकअप असणे यांत फरक असतो, हे त्या कंटाळवाण्या तपासणीने शिकवले.

निवृत्तीनंतर तोच रिवाज मी घरी आणला. काम एसएसडीवर. जपायचे ते दोन बाहेरच्या हार्ड डिस्कांवर, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वर्षी घेतलेल्या, कारण एकाच खेपेतल्या दोघी एकाच दोषाने जाऊ शकतात. एक डोंबिवलीला माझ्याकडे, हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह. दुसरी ठाण्याला मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला मुलगी येते तेव्हा दोघींची अदलाबदल होते. दोघींना तासभर फिरवायचे, नवे घालायचे, जुन्यांपैकी चार-पाच फोटो आणि एखादा आवाज उघडून पाहायचा. पाच-सहा वर्षे झाली की म्हातारीच्या जागी नवी आणायची. त्याच पैशात एसएसडीच्या दुप्पट-तिप्पट जागा मिळते, वेग नको आहेच. जावई म्हणतात, "बाबा, हे ओव्हर होतंय." पण दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांच्या फोनने दगा दिला तेव्हा पोराची पहिली पावले त्याच ओव्हर झालेल्या डब्यातून निघाली.

'एवढे कशाला, सगळे ढगात असते आता,' असे तरुण मंडळी सांगतात. क्लाउड म्हणतात त्याला. हा ढग आमच्या भागात चांगला ओळखीचा आहे. ठाण्याहून खाडीच्या बाजूने वाशीकडे निघाले की ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती दिसतात, तो ढग. जगभरच्या अशा इमारतींत घाईचे काम एसएसडी करतात, आणि साठ्याचा मोठा भाग आजही फिरत्या तबकड्यांवरच आहे. ज्यांचा धंदाच साठवणीचा, त्यांनी दप्तऱ्याला काढून टाकलेले नाही, हे दुकानातल्या मुलाला सांगावे. ढग तिसरी प्रत म्हणून जरूर असावा. पण ती भाड्याची खोली आहे. गुगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा अनेक घरांत भाड्याची पहिली पावती आली. कार्डाची मुदत संपली, हप्ता चुकला, किंवा ज्याच्या नावावर खोली तोच गेला आणि परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नाही, असेही होते. वारसाची नोंद ठेवीवर करतो तशी तिथेही करण्याची सोय काही कंपन्यांनी ठेवली आहे, ती किती जणांनी वापरली असेल?

तर दुकानात गेलात की एसएसडी खुशाल बसवा. सामान हलवून झाले की तिथल्या तिथे दहा-वीस फोटो उघडून पाहा. आणि जुनी हार्ड डिस्क परत मागा. 'काका, भंगार आहे, आम्ही टाकून देतो' असे म्हटले तरी मागा, पाकिटात घालून घरी आणा. तिच्यावर तारीख आणि आत काय आहे ते लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. तिच्यासाठी बाहेरून जोडायची पेटी काही शेकड्यांत मिळते. त्या शिक्षिकाबाईंच्या संगणकातून निघालेली डिस्क चालू होती, फक्त हळू होती. ती शोधायला मी त्यांच्याबरोबर त्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, त्याने कोपऱ्यातले खोके आमच्यापुढे उपडे केले. वीस-पंचवीस तबकड्या होत्या, कुणाकुणाच्या. बाईंची त्यांत नव्हती.